पस्तिसावा आठवडा, रविवार

झोपून घे, म्हणतात सगळे,
जणू झोप गिरणीतून दळून आणून
डब्यात भरून ठेवता येते.
ऑफिसातली वृषाली म्हणते, सिनेमे बघून घे.
खालच्या सय्यद भाभी म्हणतात, चहा पिऊन घे, गरम असताना.
सासूबाई फोनवर म्हणाल्या, मनसोक्त भांडून घ्या गं,
पुढे भांडायलासुद्धा कुजबुजावं लागतं.

परीक्षितने यादी केली. करणारच.
फ्रिजवर, गॅसच्या नंबराच्या वर:
एक, तळजाईवर सूर्योदय.
दोन, रात्रीचा शो, मागची रांग.
तीन, भोरला जाऊन यायचं, उगीच.
चार, तबला. हा त्याचा, आठ वर्षं खोळीत.
पाच –
आणि पुढे काही सुचलं नाही,
तो आकडा तसाच उभा आहे, हात रिकामे.

सूर्योदयाला गेलो. ढग होते.
मोर ओरडला, दिसला नाही.
मी अर्ध्या वाटेवर बाकावर टेकले
तर टेकडीवरच्या चार काकांनी
न विचारता अंजिराचे फायदे सांगितले.
शोला मध्यंतराआधीच डोळा लागला,
म्हणजे एका तिकिटात दोन सल्ले पाळून झाले.
भोर राहिलं.

मग हा रविवार.
भाजी घेऊन अरण्येश्वरहून आलो
आणि लॅच लागलेलं. किल्ल्या आत.
त्याच्याही, माझ्याही, टीव्हीशेजारच्या वाडग्यात,
एकमेकींच्या अंगावर पाय टाकून.
किल्लीवाले घोडके फोनवर म्हणाले,
आत्ता मुंढव्यात आहे, दोन तास लागतील.
आत कुणी अडकलंय का? लहान मूल वगैरे?
परीक्षितने माझ्या पोटाकडे पाहिलं.
नाही, म्हणाला. तसं नाही.
मग काय घाई, म्हणाले घोडके.

भाभी गावाला. दोघांच्या मोबाईलची मिळून
बॅटरी नऊ टक्के.
जिन्याची फरशी गार होती.
पिशवीत मटार होता, एक किलो,
तो आम्ही सोलून तिथेच खाल्ला, कच्चा,
आधी नीट, मग हावरटासारखा.
किती वर्षांनी मी काहीच करत नव्हते
आणि ते कुठल्या यादीत नव्हतं.

त्याने पायरीवर तीनताल धरला.
तिरकिटाशी अडखळला, हसला, परत धरला.
आतून एक लाथ आली,
समेवर नव्हे, समेच्या जरा अलीकडे.
मी बोलले नाही. सगळंच काय सांगायचं.
मग तोच बोलायला लागला, बोटं थांबवून:
बाबा संध्याकाळी घरात शिरले
की पहिला रेडिओ बंद करायचे.
चपला काढायच्या आधी.
मी घरात आलो की
काहीतरी बंद होईल, अशी भीती वाटते मला.

सहा वर्षं झाली लग्नाला.
हे त्याने सांगितलं नव्हतं,
कारण आम्ही सतत कुठेतरी निघालेलो असायचो.
मी त्याला एक शेंग सोलून दिली.
दुसरं काय देणार जिन्यात?

घोडके आले. चाळीस सेकंदांत दार उघडलं,
चारशे रुपये घेतले,
माझ्याकडे बघत म्हणाले,
एक जास्तीची शेजारी ठेवत जा ताई,
आता चालायचं नाही असं.

आत पंखा चालू होता, कुणासाठीच नाही.
मी फ्रिजपुढे पेन घेऊन उभी राहिले.
पाचाच्या पुढे काय लिहायचं?
मटार? कुलूप? बाबांचा रेडिओ?
पेन परत ठेवलं.

परीक्षित सालं गोळा करायला जिन्यात गेला
आणि बराच वेळ आलाच नाही.
बघते तर तिसऱ्या पायरीवर बसलेला,
मुठीत सालं, नजर कशावरच नाही.
किल्ली आहे ना, विचारलं.
खिसा चाचपून म्हणाला, आहे.

मी दार ओढून घेतलं.